टुंई वाजलं? चला पुढं!

दरवाजा आहे. भिंत नाही.

कुठल्याही सरकारी कचेरीच्या, देवस्थानाच्या किंवा सभेच्या तोंडाशी हा दरवाजा उभा असतो. दोन्ही बाजूंनी बैलगाडी निघेल एवढी वाट मोकळी. सज्जन माणूस दरवाजातून जातो, घाईचा माणूस बाजूनं जातो. बॉम्ब घेऊन आलेला माणूस सज्जन असतो की घाईत, हे अजून कुणी तपासलेलं नाही.

दरवाजातून गेलं की टुंई वाजतं. खिशात किल्ली असली तरी टुंई, कमरेला चांदीचा करदोटा असला तरी टुंई. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीतले हवालदारमामा मोबाइलवरून नजर न काढता हात हलवतात. चला पुढं.

टुंई वाजलं म्हणजे काय कळलं? दरवाजाला वीज आहे, एवढं.

कधी तीही नसते. प्लग काढून तिथं मामांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. अशा वेळी दरवाजा शांत असतो आणि सुरक्षा चोख.

बरं, वीज आहे, भिंत आहे आणि मामाही जागे आहेत असं धरून चालू. तरी एक किरकोळ अडचण उरते. हा दरवाजा धातू शोधतो आणि स्फोटक हा धातू नव्हे. आरडीएक्स ही भुकटी, अमोनियम नायट्रेटचे दाणे, जिलेटिनच्या कांडीत प्लास्टिकच्या आवरणातला मऊ लगदा. डिटोनेटरची इवलीशी नळी तेवढी धातूची. म्हणजे चाव्यांचा जुडगा घेऊन आलेले शिक्षक अडकतील आणि कांडी घेऊन आलेला इसम मास्तरांना वाट करून देत आत जाईल.

हे सगळं बीडमध्ये बसून का सांगायचं? बीडला ना विमानतळ, ना मेट्रो.

सांगतो.

30 मार्च 2025. गुढीपाडवा. दुसऱ्या दिवशी ईद. गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावात पहाटे अडीचच्या सुमारास मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही, आतलं नुकसान झालं. काही तासांतच गावातल्या आणि परिसरातल्या दोघांना अटक झाली. त्यांचं काय ते कोर्ट ठरवेल.

आरोपींपैकी एकानं हातात कांड्या धरलेली चित्रफीत आधीच इन्स्टाग्रामवर टाकल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे स्फोटकाचा शोध यंत्राविना लागला होता. फक्त लाइक करणारे होते, कळवणारे नव्हते.

आता मुद्द्याचा प्रश्न. कांडी आली कुठून? सीमेपलीकडून? समुद्रातून?

बीडला समुद्र नाही. बीडला विहिरी आहेत.

वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पहारीनं तो फुटत नाही. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो, भोकं पाडतो, भोकात कांड्या जातात, सुरुंग उडतो. चाळीस-पन्नास फुटांवर पाणी लागलं तर शेतकऱ्याचं नशीब, नाही लागलं तर आणखी कांड्या. दुष्काळी जिल्ह्यात पाण्याचा रस्ता सुरुंगातून जातो. वर खडी क्रशर आणि रस्त्यांची कामं आहेतच. महानगरात स्फोटक हा शब्द ऐकून अंगावर काटा येतो, इथं माणूस भाव विचारतो.

हे सगळं परवान्यानं चालतं. परवाना देणारी पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालय महाराष्ट्रातच आहे, नागपुरात. साठा करायला परवाना, न्यायला खास गाडी, उडवायला प्रशिक्षित माणूस, प्रत्येक कांडीची नोंद. कागदावर इतकी चोख व्यवस्था आहे की कागद कधीच फुटत नाही.

आणि आम्ही बंदोबस्त कुठं लावतो? देवळाच्या दारात.

आता कुणी म्हणेल, धातूचा दरवाजा जुना झाला, नवीन यंत्र आणा. माणूस नुसता चालत गेला की स्फोटकाचा वास घेणारं. ना झडती, ना रांग, ना बूट काढणं. जगात असं काही आहे का?

आहे ना. अमेरिकेनं घेऊन पाहिलं.

सप्टेंबर 2001 नंतर तिथल्या विमानतळांवर हवा फुंकणारे दरवाजे आले. माणूस आत उभा राहतो, चोहोबाजूंनी वाऱ्याचे झोत येतात, कपड्यांवरचे सूक्ष्म कण उडतात, यंत्र ते ओढून घेतं आणि त्यांचे आयन किती वेगानं पळतात यावरून पदार्थ ओळखतं. आरडीएक्सची वाफ हवेत जवळपास नसतेच, म्हणून वासापेक्षा कण पकडायचे. कल्पना झकास. वाहतूक सुरक्षा खात्यानं 207 यंत्रं घेतली. खर्च साधारण 3 कोटी डॉलर. निम्मीअर्धी बसवली, बाकीची गोदामात राहिली. 2006 मध्येच बसवणं थांबवलं आणि 2009 मध्ये उरलेली काढायला घेतली.

का? धूळ आणि दमटपणा.

प्रयोगशाळेत यंत्र हुशार होतं. विमानतळावर धूळ खाऊन आजारी पडलं. प्रत्यक्ष जागेवर पुरेशी चाचणी न करताच खरेदी झाली, असं तिथल्याच लेखातपासणी कार्यालयानं नोंदवलं. अमेरिकेतल्या वातानुकूलित विमानतळावरची धूळ! ते यंत्र एकदा एप्रिलमध्ये बीडच्या बसस्थानकावर आणायला हवं होतं. पहिल्याच फुंकरीत आमचेच कण घेऊन कोमात गेलं असतं.

आपल्याकडे असं झालं तर आपण 'खरेदी घोटाळा' म्हणतो. त्यांच्याकडे त्याला अनुभव म्हणतात.

जपान्यांनी वेगळी शक्कल काढली. हिताची, निप्पॉन सिग्नल आणि यामानाशी विद्यापीठ यांनी 2012 मध्ये तिकीट-फाटकाच्याच आकाराचं यंत्र दाखवलं. पास टेकवायला हात पुढे आला की त्याच्यावरून हवा जाते, कण सुटतात, एक-दोन सेकंदांत निकाल. तासाला 1,200 माणसं. टोकियोत हा आकडा ऐकून टाळ्या पडल्या असतील.

आता हा आकडा परळीत आणू.

वैजनाथ म्हणजे आमचं ज्योतिर्लिंग. महाशिवरात्रीला एक लाख भाविक आले असं धरू. एका दरवाजातून तासाला 1,200. झाले 83 तास. म्हणजे जवळजवळ साडेतीन दिवस, तेही अखंड. शिवरात्रीला रांगेत लागलेला शेवटचा भक्त पिंडीपाशी पोचेल तेव्हा फाल्गुन सुरू झालेला असेल.

दहा दरवाजे लावा, म्हणाल. लावू. पण गणित अजून संपलेलं नाही.

यंत्र शंभरात एकदाच चुकतं असं समजू. विक्रेत्याच्या तोंडी हे वाक्य किती गोड वाटतं! लाख भाविकांत एक टक्का म्हणजे 1,000 निरपराध माणसांवर घंटा. प्रत्येकाची झडती, पिशवी, चौकशी, पाच मिनिटं. झाली 5,000 मिनिटं. पुन्हा 83 तास. पुन्हा साडेतीन दिवस. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन शहाणे. त्यांच्या जोडीला आता ही साडेतीन दिवसांची झडती.

आणि दहाव्या खोट्या घंटेनंतर अकरावीला मामा काय करतील?

चला पुढं.

खोटी घंटा कुणावर वाजेल, तेही बघा. हृदयविकाराचा पेशंट जिभेखाली ठेवतो ती नायट्रोग्लिसरीनची गोळी म्हणजे डायनामाइटमधलंच रसायन. डायनामाइट काढणाऱ्या आल्फ्रेड नोबेललाही अखेरच्या दिवसांत डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं होतं. यंत्राला पेशंट आणि अतिरेकी यांतला फरक कळत नाही. पेशंटला मात्र घंटेनं पुन्हा गोळीची गरज पडेल.

आमच्या कापूसवाल्याचं काय? तो फवारतो 13:0:45. विद्राव्य खत, दुकानात उघड मिळतं. रसायनाच्या भाषेत पोटॅशियम नायट्रेट, आजोबांच्या भाषेत सोरा. बंदुकीची काळी दारू त्याच सोऱ्यातून होते. यंत्राच्या यादीत काळी दारू असली तर फवारणी करून थेट दर्शनाला आलेला शेतकरी पहिला अडकणार. विहिरीवरचा मजूर दुसरा. दिवाळीच्या हंगामात फटाके विकणारा तिसरा.

म्हणजे अख्खा तालुका रांगेबाहेर आणि रांगेत फक्त पुजारी.

उलट, ज्याला पकडायचं त्याच्यापाशी यंत्र दबकतं. आपण जिलेटिन म्हणतो खरं, पण नायट्रोग्लिसरीनवाल्या जुन्या कांड्या भारतात 2004 पासून बंद आहेत. आता कांडीत बहुतेक अमोनियम नायट्रेटचं इमल्शन. त्याला वास नावापुरता. वर घट्ट आवरण. नीट हात धुतलेला माणूस यंत्राला अत्तरवाल्यापेक्षा निर्दोष वाटेल.

तरीही बाजार आहे. जोरदार आहे. भीती विकायला जाहिरात लागत नाही, बातमी पुरते.

या बाजाराचा मुकुटमणी जेम्स मॅककॉर्मिक. इंग्लंडचा माजी पोलीस. त्यानं एडीई-651 नावाचं बॉम्बशोधक काढलं. मूठ, वर फिरणारी अँटेना, बॅटरी नाही. माणसाच्या अंगातल्या स्थिर विजेवर चालतं म्हणे! मूळ वस्तू होती अमेरिकेत 20 डॉलरच्या आसपास मिळणारं गोल्फचे चेंडू शोधण्याचं खेळणं. तेही चेंडू शोधत नव्हतं, हा भाग वेगळा. इराकनं ही यंत्रं कोट्यवधी डॉलर मोजून घेतली. बगदादच्या नाक्यानाक्यावर सैनिक अँटेना धरून उभे. गाडीत अत्तर असलं की अँटेना वळायची, बॉम्ब असला की नाही.

2013 मध्ये मॅककॉर्मिकला 10 वर्षांची शिक्षा झाली. गोष्ट संपली?

छे! नाक्यांवर यंत्रं तशीच. जुलै 2016 मध्ये बगदादच्या करादा भागात भीषण स्फोट झाला, शेकडो माणसं गेली, तेव्हा कुठं पंतप्रधानांनी ती काढायचा हुकूम दिला. विकणारा तीन वर्षं तुरुंगात आणि त्याचा माल कामावर.

हसू नका. त्या इराकी सैनिकाच्या हातात खेळणं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. आमच्या दरवाजाला भिंत नाही, हे आम्हाला दिसतंय.

खरं यंत्र बनवणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं मुळीच नाही. पुण्यात पाषाणजवळ डीआरडीओची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे, एचईएमआरएल. तिनं स्फोटक ओळखण्याचं छोटं किट काढलं. संशयित पदार्थाचा कण घ्या, थेंब टाका, रंग बघा. काही मिनिटांत उत्तर. ना वीज, ना एसी. 2013 मध्ये हे किट एका अमेरिकी कंपनीनं परवाना घेऊन वॉशिंग्टनमध्ये बाजारात आणलं. पुण्याचा शोध, अमेरिकेचं दुकान. एरवी उलट असतं, म्हणून इथं त्याची फारशी चर्चा झाली नसावी.

त्याच प्रयोगशाळेनं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर 'रायडर-एक्स' नावाचं दुरून स्फोटक ओळखणारं यंत्र केलं. मार्च 2020 मध्ये पुण्यातच ते दाखवलं गेलं. वर्षभरानं, एप्रिल 2021 मध्ये आयआयटी मुंबईच्या पोटातून निघालेल्या नॅनोस्निफ कंपनीचा 'नॅनोस्निफर' आला. केसाहून बारीक सिलिकॉनच्या पट्टीवरचा संवेदक, दहा सेकंदांच्या आत निकाल. पुण्याच्या प्रयोगशाळेची चाचणी पास, एनएसजीची चाचणी पास. उद्घाटनाला केंद्रीय शिक्षणमंत्री.

सुरुवात कधीची? जवळजवळ दशकभर आधीची.

प्रयोगशाळेतली पट्टी बाजारातल्या पेटीत यायला दहा वर्षं. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. वास घेणं सोपं, विश्वास मिळवणं अवघड. चाचण्या, दाखले, पैसे लावणारा भागीदार, विकणारी वेगळी कंपनी आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक एकच, सरकार. सरकार विचारतं, याआधी कुठं विकलंय? कुठंच नाही, तुम्हीच पहिले. मग अनुभव नसलेल्याकडून कसं घ्यायचं? आणि तुम्ही घेतल्याशिवाय अनुभव कसा यायचा?

ही रांग कुठलंच यंत्र हलवू शकत नाही.

शिवाय यातलं कुठलंच यंत्र चालता माणूस हुंगत नाही. नॅनोस्निफरला आधी पिशवीवर, हातावर पट्टी घासावी लागते. म्हणजे घासणारा माणूस हवा. जागा असलेला, पगार असलेला, शिकवलेला माणूस. दरवाजा खरेदी करता येतो. माणसाची भरती काढावी लागते. भरती निघाली की पेपर फुटतो.

विमानतळांचं तरी काय? नागरी विमान सुरक्षा ब्यूरोनं एप्रिल 2019 मध्ये फर्मान काढलं की धातूचे दरवाजे पुरेसे नाहीत, 84 संवेदनशील विमानतळांवर बॉडी स्कॅनर लावा. काहींना वर्षाची मुदत, बाकीच्यांना दोन वर्षांची. मुदती उलटल्या. आपण अजून हात पसरून उभे, आणि जवान काठी फिरवतोय.

जिथं विमानं उडतात तिथं ही तऱ्हा. आमच्याकडे तर 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरात पहिली रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी 1995 ची. आता स्टेशन आहे म्हणजे आज ना उद्या दरवाजाही येईल. रेल्वेला तीस वर्षं लागली, दरवाजा मार्चअखेरीस येतो.

मार्चअखेर हा दरवाजांच्या जन्माचा महिना. निधी परत जायला नको. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीवाला, शोधा, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर टाका, पेटी उतरवा, फोटो काढा. देखभालीचा करार? तो पुढच्या आर्थिक वर्षात बघू. पुढच्या आर्थिक वर्षात नवीन दरवाजा येतो.

आणि समजा, उद्या तालेवार यंत्र आलंच. धूळ खात नाही, चुकत नाही, सेकंदात सांगतं. मग ते सगळ्यांसाठी वाजेल?

नेत्याची गाडी येते. मागं चार गाड्या. कमरेला पिस्तूल लावलेली चार पोरं नेत्यासोबत दरवाजातून जातात. टुंई, टुंई, टुंई, टुंई. मामा उठून सॅल्यूट ठोकतात. "भाऊंची माणसं हायती." यंत्रानं काम केलं, मामांनीही केलं.

पिस्तुलं आली कुठून, हे बीडमध्ये विचारू नये. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा बाहेर आला. बाराशेच्या वर! मग बरेच रद्द करावे लागले. एवढी शस्त्रं कुठल्या चोरवाटेनं आली नव्हती. सहीशिक्क्यानं आली होती.

आणखी मागं जाऊ. जानेवारी 1993. रायगडात दिघीला चोरटा माल उतरला. वाटेत पोलिसांनी अडवला. म्हणजे शोध लागला होता! मग सौदा झाला, आणि रोख कमी पडली म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या. पुढच्या महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. पोलीस आणि कस्टमचे अधिकारी कोर्टात दोषी ठरले.

चांदी हा धातू. त्या दिवशी पोलिसांच्या अंगावरून दरवाजा फिरवला असता तर नक्की वाजला असता.

फेब्रुवारी 2021. मुंबईत कारमायकेल रोडवर उद्योगपतीच्या घराजवळ स्कॉर्पिओत जिलेटिनच्या 20 कांड्या सापडल्या. तपास सुरू झाला. तपास करणारा पोलीस अधिकारीच पुढं एनआयएच्या आरोपपत्रात आरोपी झाला. निकाल लागायचा आहे. पण तोवर विक्रेत्यांना एक विचारावं. वर्दीतून आलेला वास ओळखणारं मॉडेल कितीला?

मग खरोखर सापडलं ते कसं सापडलं?

मे 2006. चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसनं गाड्यांचा पाठलाग केला. त्या प्रकरणात पुढं 43 किलो आरडीएक्स आणि 16 एके-47 जप्त झाल्या. त्यातला एक जण निसटला. तो आमच्याच गेवराईचा, जबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल. 2012 मध्ये सौदीतून आणला, 2016 मध्ये विशेष न्यायालयानं जन्मठेप दिली. हे 43 किलो कुठल्या दरवाजात वाजलं?

कुठल्याच नाही. खबर होती. कुणीतरी कुणाला तरी सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं ते मनावर घेतलं.

दुसरा यशस्वी संशोधक मुंबई पोलिसांचा झंजीर. लॅब्राडोर. 1993 च्या स्फोटांच्या काळात त्यानं हुंगून काढलेल्या मालाची पोलिसांची नोंद बघा. 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब. 2000 मध्ये गेला, तेव्हा पोलिसांनी मानवंदना दिली. त्याला चांदीच्या विटेत रस नव्हता, हीच त्याची तांत्रिक क्षमता.

कुत्र्याचा तोटा एकच. दिवसभर हुंगून तो दमतो आणि दमला की काम थांबवतो. दरवाजा कधीच दमत नाही. तो मेला तरी उभा राहतो.

दरवाजामुळं आणखी एक गोष्ट होते, ती विक्रेत्याच्या पत्रकात नसते. रांग लागते. 7 सप्टेंबर 2011 ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या पाच नंबरच्या फाटकाशी बॉम्ब फुटला. कुठं? आत जायच्या पासासाठी लोक रांगेत उभे होते, तिथं. 15 जण गेले. मार्च 2016 मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले, ते तपासणीच्या अलीकडच्या दालनात. ज्याला गर्दीच हवी आहे त्याला आत जायची काय गरज? गर्दी आपणच दारात जमवून ठेवलीय.

परळीलाही याचा एक अनुभव आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये वैजनाथ देवस्थानाला पत्र आलं. 50 लाख द्या, नाहीतर आरडीएक्सनं मंदिर उडवू. पोलिसांची धावाधाव झाली, बंदोबस्त वाढला. आरडीएक्स आलंच नाही. कागद आला आणि कागदानंच काम केलं. शाईचा वास घेणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

यंत्र नको, असं माझं म्हणणं नाही. पुण्याचं किट बॉम्बशोधक पथकाच्या पेटीत हवंच. नॅनोस्निफरही हवा. जिथं माणूस आहे, धूळ कमी आहे आणि टेबलाला चारही पाय आहेत तिथं. पण अर्धमसल्याच्या कांड्या कुठल्याही फाटकातून गेल्या नव्हत्या. रात्री अडीच वाजता मशिदीच्या दारात कुठलाही दरवाजा उभा नसतो, आणि राज्यातल्या प्रत्येक मशिदीला, देवळाला, शाळेला उभा करता येणारही नाही. अशा कांड्या जातात त्या दुसऱ्याच फाटकातून. साठ्याच्या खोलीतून विहिरीकडं आणि विहिरीवरून कुणाच्या तरी घराकडं.

त्या फाटकावर यंत्र नाही, वही आहे. किती कांड्या निघाल्या, किती भोकांत भरल्या, किती उरल्या, उरलेल्या परत आल्या का. चार रकाने. पाचवीतलं पोरगं बेरीज-वजाबाकी करून सांगेल. धूळ, ऊन, दमट हवा, वीज गेली, काही अडत नाही.

मग वही का तपासत नाहीत?

कारण वहीची निविदा निघत नाही. वहीला देखभालीचा करार नसतो. वहीसमोर उभं राहून फोटो निघत नाही. आणि वहीत चुकून खरी नोंद सापडली तर तिच्यावरून हात हलवून चला पुढं म्हणता येत नाही, सही करावी लागते.

यंदा दरवाजाचं उद्घाटन असलं की मंडप पडेल, हार येतील, भाऊ येतील, ताई येतील. वही तपासायच्या कार्यक्रमाला मंडप कोण घालणार?